यादीने गिळलेली नावं

दहा वाजून गेले होते आणि दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. लहान मुलांच्या हृदयविभागाचं ते दालन. खुर्च्यांच्या आठ रांगा, त्यांत मांडीला मांडी लावून बसलेल्या आया, भिंतीला टेकून उभे असलेले बाप, आणि समोर काचेचा दरवाजा. त्या काचेवर दर पंधरा दिवसांनी, बरोबर अकरा वाजता, एक यादी लागायची. ज्या मुलाचं नाव यादीत, त्याला आत बोलावणं, तपासणी, ऑपरेशनची तारीख. ज्याचं नाव नाही, त्याने नवा अर्ज भरायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काचेसमोर उभं राहायचं.

मला आधी दिसले ते कान. दालनातल्या निम्म्या बायकांच्या एकाच कानात कानातलं होतं. दुसरा कान मोकळा.

मी त्या दिवशी बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू होत होते. याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, संगणकांच्या खोलीत, मी प्रोग्राम लिहिते. लेक आठ महिन्यांची, अजून अंगावर पिणारी, म्हणून सासूबाई तिला घेऊन खाली दालनात बसणार आणि दर दोन तासांनी मी जिना उतरून येणार, असं ठरलं होतं. तिला त्यांच्या मांडीवर ठेवताना माझी नजर वर गेली.

"सासूबाई, तुमच्या उजव्या कानातलं?"

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे?"

त्यांनी हनुवटीनेच समोर दाखवलं. काचेच्या दाराशेजारी, स्टुलावर, पांढरा सदरा घातलेला एक गुटगुटीत माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा हलला की आतून किणकिण आवाज यायचा.

"त्याला दिलंत? आल्या आल्या? दहा मिनिटं झाली नाहीत आपल्याला!"

"नातीसाठी दिलं. तुझ्यासाठी नाही."

"तिच्या हृदयाला काही झालेलं नाही."

"म्हणूनच. होऊ नये म्हणून." आणि त्यांनी तोंड असं फिरवलं, की विषय संपला.

हा यादीबाबा. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तो बाहेरच्या जिन्यावर बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. आताही भरून द्यायचा, फक्त आता लोक आधी त्याच्या पाया पडायचे. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. बोलणं त्याहून गोल.

"बायांनो," तो सांगत होता, "माणूस खोटं बोलतो. डॉक्टर खोटं बोलतो. यंत्राला जीभ आहे का?"

"नाही," दालन म्हणालं.

"जीभच नाही, तर खोटं बोलणार कशाने? वर एक मोठी यादी आहे. ही काचेवरची तिची सावली. वरच्याने ज्या नावापुढे फुली मारली, ते नाव यंत्र गिळतं. खिडकीवरचा कारकून आपल्या हाताने नाव घालतो. विचारा त्याला, घालतोस की नाही?"

खिडकीतून कारकुनाने चहाचा कप उंचावला. "घालतो. सगळी घालतो."

"ऐकलंत? घालतो सगळी. उतरतात मात्र वरच्याला हवी तेवढीच! एक कानातलं इथे ठेवा. एक कानात राहू दे, आठवणीला. ज्यांनी ठेवलं त्यांची नावं कधी गिळली गेली का?"

"नाही, बाबा!"

"आज किती गिळणार? सांगू?" त्याने डोळे मिटले, ओठ हलवले, चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीच्या मुठीत चिठ्ठी कोंबली. "यादी लागली की उघडा."

इतकं झाल्यावर त्याने आपला हुकमी एक्का काढला. दुसऱ्या रांगेतून एका बाईला हाताने उठवलं. बाई सव्वीस-सत्तावीसची, माझ्याच वयाची, चार घरची भांडी घासून हात पांढरे पडलेले. तिचे दोन्ही कान मोकळे. तिच्या कडेवर चार वर्षांची मुलगी, एवढीशी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे.

"ही बघा! चौदा वेळा! चौदा वेळा यंत्राने हिला गिळलं. दुसऱ्या कुणाची पोर असती तर कधीच गेली असती. पण मी धरून ठेवली आहे. सांग गं, आधी धाप किती लागायची?"

"फार लागायची," चिमणीची आई म्हणाली. "दोन घोट दूध प्यायली की दमायची."

"आणि आता?"

"आता कमी झाली. जेवते पण बरी. वजन वाढलं थोडं." ती हसली. मला ते हसू अजून दिसतं.

"दाखव नखं."

चिमणीने शहाण्यासारखे दोन्ही हात पुढे केले. नखांवर फिकट निळी झाक होती.

"आकाश उतरलंय पोरीच्या बोटांत!" बाबा ओरडला, आणि दालनाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून माझ्या लेकीनेही वाजवल्या. ती नुकतीच शिकली होती.

अकराला कारकून आला, दोन कागद काचेवर चिकटवले आणि लोंढा उसळण्याआधी चपळाईने आत पळाला. पहिल्या मिनिटात नुसता गलका. दुसऱ्या मिनिटात रडणं. आजींनी चिठ्ठी उघडली, कोणीतरी मोठ्याने वाचली: "दहा, आणि एक अर्धं."

त्या दिवशीचे अर्ज एकाहत्तर. यादी एकसष्टाव्या नावाच्या मध्यावर थांबलेली. म्हणजे दहा गेली, आणि एक अर्धं. दालनात जयजयकार झाला. दहा आया जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यांवरून लोक बाबाच्या पायांकडे हात लांबवत होते. एका बापाने तर ओरडून म्हटलं, "काय अचूक हो!" त्याच्या मुलाचं नाव सातवं होतं.

चिमणीची आई रडली नाही. तिने पिशवीतून नवा कोरा अर्ज काढला आणि बाबाच्या हातात दिला. सवयीने.

मी गर्दीतून रेटत काचेपर्यंत पोहोचले. एकसष्टावी ओळ पाहिली. त्या मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर होतं, पण त्याचा काना यायच्या आधीच यादी संपली होती. शाई संपली नव्हती, कागदही संपला नव्हता. खाली अर्धं पान कोरं पडलं होतं.

मला हसू फुटलं. वरचा एखाद्या लेकराला नेईल, नेतोही. पण अक्षर नेताना काना तोडून नेईल? अर्धं अक्षर सोडून जातं ते कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोटापाण्यासाठी मी तेच तर करते.

"काय हसता बाई?" बाबाने मान उडवून विचारलं. "लेकरू कडेवर असताना हसू नये."

"लेकरू सासूबाईंच्या कडेवर आहे," मी म्हटलं. "बाबा, अर्ज कोण गोळा करतं?"

"मीच करतो. सेवा म्हणून."

"आणि खिडकीत कोण देतं?"

"मीच."

"कानातलं देणाऱ्यांचे अर्ज वर, बाकीचे खाली. बरोबर?"

तो हसला, पण उशिरा हसला. "श्रद्धेलाही क्रम असतो, बाई."

मी खिडकीकडे वळले. "काका, तुम्ही नावं वरून खाली घालता ना? गठ्ठा जसा येईल तशी?"

"मग काय खालून वर घालू?" कारकून म्हणाला. "हे गिळणं तुमच्या रजेतच सुरू झालं बघा. नवा प्रोग्राम आला आणि देवही आला."

"एक काम करा. आजच्या एकाहत्तर नावांच्या खाली अजून तीस घाला. मी सांगते ती. आणि यादी पुन्हा काढा."

"तीस मुलं कुठून आणू?"

"मुलं नकोत. लिहा: खुर्ची."

कारकुनाने कप खाली ठेवला.

"खुर्ची?"

"खुर्ची. मग टेबल. मग पडदा. झाडू. बादली."

कोणीतरी फिसकन हसलं. मागून एक बाप म्हणाला, "घड्याळ घाला!" दुसरी एक बाई म्हणाली, "माझी नणंद घाला!" कारकुनाला रंग चढला. कुलूप, कंदील, उशी, छत्री, चप्पल, जिना, नळ असं करत तो तिसाव्यापर्यंत आला, आणि वर पाहून त्याने शेवटचं टाइप केलं: छत.

बाबा स्टुलावर ताठ बसून होता. "चेष्टा चालली आहे," तो म्हणाला. "यंत्राला राग आला तर आज एकही नाव राहणार नाही. मग म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

यादी आली. या वेळी ती मीच वाचली, मोठ्याने. एकाहत्तरच्या एकाहत्तर मुलं होती. एकाहत्तरावी चिमणी. तिच्या आईने तोंडावर हात ठेवला. त्याखाली खुर्ची होती, टेबल होतं, पडदा, झाडू, बादली, सगळं ओळीने. एक्क्याण्णवावर नुसता 'च' उरला होता. चप्पल मध्येच तुटली होती. पुढचा जिना, नळ, छत वगैरे दहा वस्तू गायब.

"बाबा," मी म्हटलं, "छताच्या नावापुढे फुली पडली हो. आता ते आपल्या डोक्यावर कधी पडायचं?"

दालन हसलं. खदखदून हसलं. पाच मिनिटांपूर्वी पाया पडणारेच हसले. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? नको इतकं आवडलं. म्हणून मी तिथे थांबले नाही.

"काका, आता सगळं पुसा. एकच नाव घाला. यादीबाबा."

कारकुनाने घातलं. यंत्र घरघरलं. कागद बाहेर आला. त्याने तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

कोरा.

हसणं असं थांबलं, जणू कोणी नळ बंद केला. बाबा उठून उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "पुन्हा काढ," तो म्हणाला. पुन्हा काढलं, पुन्हा कोरा. त्याचा हात छातीवर गेला. आणि दालन मागे सरलं. पहिली रांग दुसऱ्या रांगेवर चढली. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. "यंत्राने बाबांना गिळलं," कोणीतरी कुजबुजलं. "लांब हो, लांब हो, सावली पडेल." ज्या आजींच्या मुठीत त्याने चिठ्ठी दिली होती, त्यांनी ती हात भाजल्यासारखी टाकून दिली.

"अहो, असं काही नाही!" मी ओरडले. "एकच नाव होतं म्हणून कोरं आलं! याला काहीही होणार नाही!"

कोण ऐकतंय? मला त्यांची भीती काढायची होती. मी फक्त ती एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली होती.

मग मी लेकीला कडेवर घेतलं, रिकाम्या स्टुलावर बसले आणि पिशवीतला तिचा चमचा काढला. आयांचं दालन होतं. चमचा सगळ्यांना कळतो.

"इकडे बघा. बाळाला भरवताना एकेक शीत तोंडात घालतो का आपण? नाही. चमचा भरतो, मग रिता करतो. पुन्हा भरतो, पुन्हा रिता करतो. यंत्रही तसंच करतं. एकेक अक्षर यादीत ठेवत बसलं तर दिवस जाईल. म्हणून ते आधी आपल्याजवळ साठवतं. त्याच्या चमच्यात साधारण तीस नावं मावतात. तीस भरली की यादीत रिती. आणखी तीस भरली की रिती. साठ झाली. राहिली अकरा. चमचा भरला का?"

"नाही," दोघीतिघी म्हणाल्या.

"अर्धवट भरलेला चमचा हातात आहे, तेवढ्यात दारावर कोणी आलं. तुम्ही चमचा हातात घेऊनच उठलात. त्यातलं बाळाच्या पोटात गेलं का?"

"नाही गेलं."

"देवाने गिळलं का?"

सासूबाईच बोलल्या. "आईने उठताना बघायला नको? आधी चमचा रिता करायचा, मग उठायचं."

"तेच," मी म्हटलं. "शेवटी यंत्राला सांगावं लागतं: फाइल बंद कर. मग ते हातात उरलेलं ओततं, आणि मग झाकण लावतं. ज्याने हा प्रोग्राम लिहिला तो गाढव तेवढं सांगायला विसरला. म्हणून दर वेळी शेवटचे गेले. आणि शेवटी कोण, ते हा ठरवत होता. नाव गेलं की नवा अर्ज, नवा अर्ज की पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी, तळाशी की पुन्हा गेलं. चौदा वेळा गिळायला चौदा शाप लागत नाहीत. एकदा तळाशी गेलं की पुरे."

बाबा भिंतीला टेकून घामाघूम झाला होता. "मला यातलं काही ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता. "मी फक्त ओळी मोजल्या. साठाच्या पुढे कधी जात नाही, एवढंच बघितलं. मला वाटलं, खरंच कोणीतरी गिळतं."

"आणि ही?" मी चिमणीच्या आईकडे बोट केलं. "हिचे तर दोन्ही कान मोकळे आहेत. मग हिचा अर्ज तळाशी का?"

तो माझ्याकडे बघेना. उत्तर तिनेच दिलं, खाली बघून. "माझी पितळेची निघाली. त्यांनी घासून बघितली होती."

पितळेची निघाली म्हणून एकदा रागाने तळाशी. आणि मग बाबाच्या लक्षात आलं, की चौदा वेळा गिळलेली पोर जवळ असली की डबा लवकर भरतो.

पुढचं मी बघू नये असं वाटत होतं, पण बघितलं. डबा कोणीतरी हिसकावला, पालथा केला आणि बायका तुटून पडल्या. माझं, माझं, ते माझं नाही, मग हे माझं. मोत्याचं एक कानातलं दोघींनी धरलं आणि मधोमध मोडलं. बाबा त्या गडबडीत मागच्या दाराने गेला, कोणी वळूनही पाहिलं नाही. जमीन साफ झाली तेव्हा मध्ये दोन पितळेची फुलं उरली होती. ती कोणी उचलली नव्हती.

आणि काचेपाशी एक नवीच कुरकुर सुरू झाली होती. "एकाहत्तर मुलं? म्हणजे आम्हाला तारीख उशिरा मिळणार. साठ होती तेच बरं होतं." हे बोलणारा तोच सातव्या नावाचा बाप.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. लेक पाठीला बांधलेली, ती माझ्या वेणीशी खेळत होती. मी अजून जिंकलेल्या माणसाच्या चालीने चालत होते. प्रोग्राम उघडला. शोधायला वेळ लागला नाही. यादीची फाइल उघडण्याची ओळ होती. नावं लिहिण्याच्या ओळी होत्या. बंद करण्याची ओळ नव्हती. कोण हा गाढव, म्हणत मी पान वर सरकवलं. आमच्या खोलीचा नियम आहे, लिहिणाऱ्याने वर आपलं नाव आणि तारीख घालायची.

नाव माझं होतं.

तारीख माझ्या लेकीच्या जन्माची.

माझी एक सवय आहे. फाइल उघडण्याची ओळ लिहिली की मी लगेच बंद करण्याची लिहिते, आणि मग दोन्हींच्या मध्ये बाकीचं भरते. विसरायलाच नको म्हणून. त्या दुपारी उघडण्याची ओळ लिहिली आणि पहिली कळ आली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. कळ गेली, तशी घाईघाईने मधलं सगळं लिहिलं. दुसरी कळ आली. उद्यापासून यादी हवी आहे, असं साहेब दारात उभं राहून म्हणत होते. पाचदहा नावं घालून मी एकदा चालवूनही पाहायला हवं होतं. कोरा कागद आला असता, तिथेच कळलं असतं. तिसरी कळ आली आणि मी उठले.

चमचा हातात घेऊन उठले.

मी ती ओळ लिहिली. नुसती तीच लिहिली नाही. सगळी रचना बदलून अशी केली, की काम संपलं, बिघडलं, मध्येच कोणी उठून गेलं, तरी फाइल आपोआप बंद व्हावी. पंधरा मिनिटांचं काम. लेक तेवढ्यात पाठीवर झोपून गेली. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, एकसारखा, धाप न लागता.

अर्ध्या तासाने एकाहत्तर नावांची यादी काचेवर लागली. चिमणीच्या आईने पोरीला खाली वाकवलं आणि म्हणाली, "हे बघ, सगळ्यात खाली, हे तुझं." चिमणीने निळसर नखाने आपलं नाव गिरवलं. पहिल्यांदाच दिसलेलं.

तपासण्या तीन दिवस चालल्या. चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चिमणीच्या आईला आत बोलावलं. लेकीला घेऊन मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई संगणकाकडे बघत बोलत होत्या. "हिच्या हृदयात मोठं छिद्र आहे, हे आम्ही आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हाच बंद करायचं ठरलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. इथे चौदा वेळा गैरहजर लिहिलं आहे. मी तर म्हणायचे, कसली आई आहे."

"मी होते," ती म्हणाली. "बाहेरच होते."

"यादीत नाव नसलं की यंत्र आपोआप गैरहजर लावतं," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा संगणकावरून नजर काढली.

"मग आता करा ना बंद," चिमणीची आई म्हणाली. "आता तर ती बरी पण झाली आहे. धाप कमी आहे. वजन वाढलंय."

"ती बरी झालेली नाही." डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "छिद्रातून फुप्फुसांकडे रक्ताचा लोंढा जात होता, म्हणून धाप लागायची. तो लोंढा झेलून झेलून फुप्फुसांच्या नळ्या कडक झाल्या. आता रक्त तिकडे तितकं जातच नाही, म्हणून धाप कमी. ते उलटं फिरतंय, म्हणून नखं निळी. आता ते छिद्र हाच तिचा सुटकेचा रस्ता आहे. आता बंद केलं तर ती टेबलावरच जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा बंद करता येत होतं. आता येत नाही. औषधं देऊ. काही वर्षं काढेल."

चिमणी दाराजवळ माझ्या लेकीला आपला रुमाल दाखवत होती आणि लपवत होती. लेक खिदळत होती.

बाहेर आल्यावर मी चिमणीच्या आईच्या हातात त्या दिवशी उचलून ठेवलेली तिची पितळेची फुलं ठेवली. ती तिने मुठीत धरली, घातली नाहीत.

"म्हणजे तिच्या नावापुढे फुली नव्हतीच?" तिने विचारलं.

"नव्हती."

"मग ते जे लिहायचं राहिलं म्हणालात, ते कोणाचं राहिलं?"

मी सांगू शकले असते की कोणाचं तरी. दालनात मी त्याला सगळ्यांदेखत गाढव म्हटलं होतं.

"माझं," मी म्हटलं. "ही होणार होती त्या दिवशी. मी उठून गेले."

तिने माझ्या लेकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मला मारेल, आणि मला ते हवं होतं. तिने लेकीच्या गालावरून बोट फिरवलं.

"हिला काही नाही ना? हिचं सगळं बंद आहे ना आत?"

"आहे."

"बरं झालं." मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली, "बाबा म्हणायचे वरच्याची मर्जी आहे. ती सोसत होते मी. हे कसं सोसू, ते सांगा."

ती पोरीला कडेवर घेऊन जिना उतरून गेली.

हे सगळं मी सांगणार आहे, कारण न सांगण्याने चौदा पंधरवडे गेले. नाव नाहीसं झालं की वर बघू नका. खाली बघा, मागे बघा, खिडकीच्या आत बघा. कोणी लिहिलं, कोणी घातलं, कोणत्या क्रमाने घातलं, कोण मध्येच उठून गेलं, ते विचारा. जो तुम्हाला उत्तर म्हणून आकाश दाखवतो, त्याचा डबा आधी हलवून बघा. पाया पडायला झुकलेला माणूस काचेवरचं अर्धं अक्षर बघू शकत नाही. ते ताठ उभं राहिल्यावरच दिसतं. आठ महिने त्या दालनात शेकडो माणसं आली, आणि अर्धं पान कोरं असताना यादी काना तोडून का थांबते, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर एका ओळीचं होतं.

आणि हे मी बाहेर बसणाऱ्यांना सांगते तेवढंच आत बसणाऱ्यांना. बाबा हवेत बसत नाही. आपल्यातल्या कोणीतरी उघडं टाकलेल्या भोकावर तो स्टूल मांडून बसतो. ते भोक वेळेत बंद करता येतं. वेळ गेली, की तेच बंद करणं जीव घेतं.

लेक आता चमच्याने जेवते. शेवटचा चमचा अर्धाच भरतो. दारावर कोणी आलं तरी मी आधी तो रिता करते, आणि मग उठते.